बाई शाळेत, आई घरी

मंडलाच्या शिक्षण ऑफिसातून कागद आला की उघडायच्या आधीच माझं डोकं दुखायला लागायचं. कागद तेलुगूत, शाळा मराठी, आणि मधे मी. तेव्हा तेलंगणा झालं नव्हतं, आमचा भाग आंध्र प्रदेशात होता. तलमडुगूच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या एका कापसाच्या गावात मी पहिली ते पाचवी शिकवत होते. नावाला शिक्षक दोन होतो, पण दुसऱ्या सरांना कधी मतदारयाद्यांना, कधी सर्वेला, कधी कुठल्या मीटिंगला बोलावलेलंच असायचं. पाचही वर्ग माझ्या एकटीच्या गळ्यात. संध्याकाळी माझा आवाज बसलेला नाही असा दिवस आठवत नाही.

त्या वेळचा कागद बालदिनाचा होता. लहान मुलांना आपले आईवडील काय काम करतात याची ओळख करून द्यावी, निरनिराळे धंदे करणाऱ्या पालकांना शाळेत बोलवावं, असं त्यात लिहिलेलं. सोबत एक रंगीत तक्ता होता. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, शिंपी, आणि कोपऱ्यात टोपी घातलेला विमानवाला.

वाचून मला आधी हसू आलं, मग राग आला. अरे बाबांनो, ओळख कोणाची कोणाला करून देता? माझ्या पहिलीतली लेकरं मायच्या मागं कापसाच्या तासातून चालत मोठी झालेली. मी स्वतः तशीच. माझी माय दुसऱ्याच्या वावरात वेचायला जायची तेव्हा मला धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून निजवायची. तिच्या कामाची ओळख मला कोणी करून दिली नाही, गरजच पडली नाही. ही पोरंही सुट्टीत वेचायला जातात आणि सोमवारी बोंडांनी ओरबाडलेली बोटं घेऊन येतात. त्यांना आता शाळेनं सांगायचं की बाळा, तुझी आई कापूस वेचते!

तरी तक्ता भिंतीला लावला. साहेब तपासायला येणार होते ना. पहिलीतली एक पोरगी बराच वेळ त्या विमानवाल्याकडे बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "बाई, याचं वावर कुटं हाय?"

माझी स्वतःची मुलगीही त्याच पहिलीत होती. तिला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून चार वर्षांची असल्यापासून मी तिला शाळेत आणून बसवत होते. पुढं तिचं नाव रीतसर घातलं. त्या दिवशी मी तिला एकच नियम सांगितला. शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. आमच्याकडे शिक्षकाच्या लेकरांना हे शिकवावंच लागतं. नाहीतर बाकीच्यांना वाटतं, हिची आई शाळेची मालकीण आहे. गावातल्या बायकाही टपूनच असतात, बाईची पोरगी पुढं बसते, बाईच्या पोरीला मार पडत नाही.

पोरीनं तो नियम असा काही घट्ट धरला की मलाच नवल वाटायचं. एकदा हापशीपाशी पडली, गुडघा फुटला, रक्त आलं, आणि ही मोठ्यानं रडतेय, "बाई! बाई!" मी उचलून घेतलं तरी बाईच. शाळेला फाटक नव्हतं, कडेला एक निंबाचं झाड होतं. तीच आमची हद्द. सुट्टी झाली की ती माझ्या मागं मागं चालायची, निंबाखाली आलो की थांबायची आणि विचारायची, "आता आई?"

"हं, आता आई."

मग कुठं हात धरायची. रोजचं होतं हे.

घर म्हणजे भाड्याची एक खोली आणि पुढं पडवी. घरी गेल्यावर मी काय करायचे? आडवी व्हायचे. खोटं कशाला सांगू? चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली की नेसत्या साडीनिशी चटईवर आडवी, आणि डोळ्यांवर हात. झोप लागायची नाही. नुसती पडून राहायचे. पाणी भरायचं असायचं, भाकरी टाकायच्या असायच्या, ऑफिसला द्यायचे तक्ते भरायचे असायचे, पण ते घटकाभर कोणी मला हलवू नये असं वाटायचं. मुलगी काही विचारायची तर मी म्हणायचे, "बोलू नको गं राणी, घसा गेलाय माझा." मग ती गप्प व्हायची आणि सरकत सरकत माझ्या कुशीशी येऊन पडायची.

शेजारणी म्हणायच्या, "बाईले काय, सावलीतलं काम." सावलीतलं काम! पहिलीला पाटी देऊन बाकीच्यांना गणित, गणितवाल्यांना गप्प करून धडा, धडा चालू असताना दाराशी कोणीतरी दाखला मागायला उभा. हे त्यांना दिसत नव्हतं. आणि त्या तरी काय चुकीचं बोलत होत्या? दिवसभर उन्हात वाकून आलेल्या बाईला सावली म्हणजे सुखच दिसणार. पण ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हे सगळं माझ्या नवऱ्याला माहीत होतं. ते उटनूरला आदिवासी कल्याणाच्या ऑफिसात क्लार्क होते. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. तिकडे त्यांची थोरली बहीण, माझी नणंद, त्यांचं घर बघायची. बाई खरंच कामाची. घर लख्ख, पितळ लख्ख, दारात कचऱ्याचा कण नाही. मी तिला कधी नावं ठेवली नाहीत. पण नवरा प्रत्येक खेपेला, चटईवर पडलेली मी दिसले की म्हणायचे, "ताई दिवसा कधी पाठ टेकत नाही."

मी म्हणायचे, "ताईला पाच वर्ग नाहीत."

त्या वर्षी पावसाळ्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता. पोरीला उटनूरला नेतो. तिथं तेलुगू शाळा चांगली आहे, ताई घरी असते.

"अवं, मराठीत शिकून ती जाईल कुठं?" ते म्हणायचे. "आपल्यालाच ऑफिसात तेलुगूपायी किती खेटे घालावे लागले. अन् इथं तिले आई तरी कुठं हाय? शाळेत तू बाई, घरी तू झोपलेली."

पहिलं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. आंध्रात राहायचं तर तेलुगू आलं पाहिजे, मलाही कळत होतं. मी म्हटलं, तेलुगू मी शिकवीन घरी. ते हसले. "कधी? आडवी पडल्या पडल्या?"

ते हसणं मला लागलं. रात्रंदिवस तेच डोक्यात. पोरगी गेली तर या खोलीत मी कोणासाठी भाकरी टाकणार होते? निंबाखाली कोण थांबणार होतं? पण भांडून भांडून मी दमले होते. शेवटी ठरलं, बालदिनाच्या आठवड्यात शनिवारी ते येतील आणि संध्याकाळच्या बसनं तिला घेऊन जातील. उटनूरच्या शाळेत मधूनच घ्यायला तयार होते. मी तिचे फ्रॉक धुऊन, घड्या घालून पिशवीत भरले. पोरीला सांगितलं, बाबांकडे चाललीस. तिनं विचारलं, "तिथं ताईआत्याला आई म्हणायचं का?" मी पिशवीचे बंद आवळत राहिले.

आणि नेमका त्याच शनिवारी तो आईवडिलांच्या कामाचा कार्यक्रम ठेवावा लागला. कारण शनिवार आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी वेचणी बंद असते. एरवी कोण माय मजुरी सोडून शाळेत येणार होती? बाजाराला निघताना वाटेत शाळेत टेका, असं मी घरोघरी सांगून आले होते.

अडचण आणखी एक होती. येणाऱ्या साहेबांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पोरांनी भाषण केलं तर ते कपाळाला आठ्या घालून बसणार, आणि पोरांना तेलुगूत बोलायला लावलं तर ती रडणार. म्हणून मी युक्ती काढली. बोलायचंच नाही. आपले आईबाप काय काम करतात ते हातवारे करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. अवजारं आणायची नाहीत, हे बजावून सांगितलं, नाहीतर कोणाच्या तरी बापाचा विळा शाळेत आणि बाप शेतात रिकामा बसलेला.

मनात माझं वेगळंच चाललं होतं, ते सांगते. मला वाटत होतं, मुलगी आज खडू घेईल, फळ्यावर लिहील, माझ्यासारखा पदर खोचून पोरांवर डोळे वटारील. घरी बाहुल्यांना ती असं शिकवायची. तिच्या बाबांनी ते बघावं. बघावं की आपली बायको नुसती पडून राहत नाही, पोरीला तिचं काम ठाऊक आहे. मग कदाचित ते म्हणतील, राहू दे हिला इथंच. मी टेबलाच्या कडेला, तिच्या हाताला येईल असा नवा खडू ठेवला होता.

शनिवारी बायका आल्या. डोक्यावर टोपल्या, हातात पिशव्या, बाजाराची घाई. दाराशी आणि खिडकीशी दाटी झाली. थोडे बापही आले आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यातच उटनूरहून नुकतेच उतरलेले माझे यजमान. साहेब आले नाहीत. वाट बघून बघून मी सुरू केलं.

पोरं काय दाखवायची! एकानं कोळपणीचा डवरा धरला, बैलांना हाकारलं, आणि तास संपल्यावर बैलांना वळवताना इतका जोर लावला की मागचा फळाच पडला. एक पोरगी कमरेला ओढणीचं धडपं बांधून दोन्ही हातांनी अशी सरसर कापूस वेचायला लागली की बायका म्हणाल्या, "बाप्पा, हिले उद्या घेऊन चाला वं." एका पोरानं बापाचं काम म्हणून मांडी घातली आणि हवेत पत्ते पिसले. त्याची माय दारातून ओरडली, "खरं दावलं माह्या पोट्ट्यानं!" भिंतीशी टेकलेला बाप हळूच बाहेर सटकला. सगळी शाळा हसत होती. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

मग माझ्या मुलीची पाळी आली. ती पुढं येऊन उभी राहिली. "बाई," तिनं मला विचारलं, "आईचं काम दाखवू का बाबांचं?"

"आईचं दाखव," मी म्हटलं. 

ती टेबलापाशी गेली. खडू तिच्या बोटांशी होता. तिनं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पायातल्या नसलेल्या चपला काढल्या, एकाला एक लावून ठेवल्या. खांद्यावरची नसलेली पिशवी खुंटीला अडकवली. मग फळ्यापुढं, सगळ्यांच्या समोर, शेणानं सारवलेल्या त्या जमिनीवर आडवी झाली आणि डोळ्यांवर हात ठेवला.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग जे हसू फुटलं! पोरं ओरडायला लागली, "झोपते! बाई झोपते!"  धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं मला. मागं बघायचं नव्हतं तरी बघितलं. नवरा हसत नव्हते. नुसते बघत होते. झालं, मी मनात म्हटलं, पोरीनंच साक्ष दिली. आता बोलायला काय उरलं?

आणि पोरीचं काय चुकलं होतं? काही नाही. फळ्यावर लिहिते ती बाई. आई ही अशीच असते. नियम मीच घालून दिला होता, तिनं तो पाळला.

तेवढ्यात ती कापूस वेचणारी पोरगी पुन्हा उठली. "बाई, माहं अर्धंच झालं," ती म्हणाली. "माही मायबी घरी आल्यावर असंच करते." तिनं कमरेचं धडपं सोडलं, उशाला घेतलं आणि माझ्या मुलीशेजारी आडवी झाली. डोळ्यांवर हात. मग दुसरी उठली. "माही आजीबी." मग डवरेवाला उठला, कारण त्याचा बापही बैल सोडल्यावर बाजेवर असाच पडतो म्हणे. कोणाला सांगावं लागलं नाही. बघता बघता आख्खा वर्ग जमिनीवर आडवा, प्रत्येकाच्या डोळ्यांवर हात. मी पुढ्यात उभी आणि माझ्यापुढं एवढीएवढी दमलेली माणसं.

बायका आधी खिदळल्या. मग हळूहळू गप्प झाल्या. पत्तेवाल्याची माय डोक्यावरची टोपली सावरत म्हणाली, "अवो माय. आमी अशा दिसतो काय?"



मी आता उठा म्हणणार होते. तेवढ्यात माझं लक्ष माझ्या मुलीकडे गेलं. डोळ्यांवरचा हात तसाच होता, पण दुसऱ्या हातानं ती शेजारची जमीन थोपटत होती. थोपटायची, थांबायची, पुन्हा थोपटायची. मला आधी कळेना, हे काय चाललंय. आणि मग कळलं. हे मी करते. पडल्या पडल्या, डोळे न उघडता, तोंडानं बोलायचं त्राण नसतं तेव्हा मी असं थोपटून तिला जागा दाखवते. ये, इथं ये. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ती आपली आपण सरकत येते.

तिच्या थोपटलेल्या जागेवर कोणी गेलं नाही. मला जावंसं वाटलं, फार वाटलं. पण आम्ही अजून निंबाच्या अलीकडे होतो आणि मी बाई होते. "उठा रे," मी म्हटलं. आवाज पार बसला होता. "चला, घंटा द्या."

बायका बाजाराला गेल्या. जाताना एकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. सावलीतल्या कामाचा टोमणा त्यानंतरही मारायच्याच, पण त्या दिवशी नाही.

निंबाखाली पोरगी थांबली. "आता आई?"

"हं, आता आई."

नवरा मागून येत होते.  घरी आल्यावर पिशवी दाराशी भरलेली होतीच. मी त्यांना म्हटलं, "घेऊन जा. मला आता भांडवत नाही." रागानं नाही म्हटलं. खरंच भांडवत नव्हतं. सकाळपासून घशाखाली घास नव्हता, पाय भरून आले होते. चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि चटईवर आडवी झाले. दाखवायला नाही. दुसरं काही करणं अंगातच नव्हतं. डोळ्यांवर हात ठेवला, आणि आज पहिल्यांदा मला माझा दुसरा हात कळला. तो आपोआप चटई थोपटत होता.

पोरगी आली. नेहमीसारखी कुशीत शिरली, कोपर माझ्या बरगडीत रुतवून.

बसचा हॉर्न लांबून, नाल्याच्या वळणावरून ऐकू आला. नवरा पिशवी उचलून उंबऱ्यात उभे राहिले असावेत, कारण माझ्या बोटांच्या फटीतून येणारा उजेड अडला. "चल बेटा," ते म्हणाले, "बस आली."

"बाबा, हळू बोला ना," पोरगी माझ्या दंडाखालून कुजबुजली. "आई काम करून राह्यली."

 पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग ते उंबऱ्यावर बसल्याचा. बस थांब्यावर थोडा वेळ घरघरत राहिली, बाजारातली माणसं चढली असतील. मग निघाली. तिचा आवाज आदिलाबादच्या रस्त्याला लागून पार विरून जाईपर्यंत खोलीत कोणी हललं नाही.

"ताई तर दिवसा कधी पाठच टेकत नाही," ते उंबऱ्यातून म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यात बहिणीची तारीफ नव्हती.

मग त्यांनी पिशवीतले फ्रॉक काढून दोरीवर टाकायला सुरुवात केली. घड्या पार मोडत होते. मला ते कळत होतं, पण मी डोळ्यांवरचा हात काढला नाही. काढला असता तर रडले असते, आणि पोरीला वाटलं असतं, आईचं काम संपलं.